आवाज कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

नाट्यस्पर्धा असो, क्रीडामहोत्सव असो किंवा आपले स्नेहसंमेलन असो, कुणीतरी एक जण घसा ताणून विचारतो, "अरे आवाज कुणाचा?" आणि शंभर घशांतून एकदमच उत्तर येते, "आपल्या कॉलेजचा!" त्या शंभरांत मीही असतो. या घोषणेने अंगावर काटा येतो हे मी कबूल करतो. पण मित्रहो, गेले वर्षभर या घोषणेतला प्रश्नच माझा पिच्छा सोडत नाही. खरेच, आवाज कुणाचा? आणि कुणाचा चालू ठेवायचा, कुणाचा बंद करायचा, हे कोण ठरवतो?

निमित्त झाले गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे. विविध गुणदर्शनासाठी मी एक भारूड लिहिले होते. आमच्या वस्तीपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता, वेळेवर न येणारी एस.टी., आणि एकाच रस्त्याचे तिसऱ्यांदा भूमिपूजन करणारे पुढारी असा त्याचा विषय होता. पुढारी असलेली दोन कडवी तालमीत सर्वांत जास्त हशा घेत. पण प्रमुख पाहुणे राजकारणातले होते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एका सरांनी मला बाजूला घेतले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, कडवी चांगली आहेत, पण आज नकोत." सरांविषयी माझ्या मनात आदर होता आणि आहे. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच म्हटले असते. मी कडवी गाळली. उरलेले भारूड लोकांना फारसे कळले नाही. कळण्याजोगे त्यात उरलेच काय होते?

पाहुणे गेले आणि साडेनऊला डॉल्बी सुरू झाला. पावणेबारापर्यंत तो चालला. मागच्या गल्लीत बाळंतिणींचा दवाखाना आहे हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते असे नाही. तरी कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवून "आज नको" म्हटले नाही. मीही म्हटले नाही. मी पुढच्या रांगेत नाचत होतो.

त्या रात्री वसतिगृहावर परतल्यावर कान बधिर झाले होते. शेजारचा मित्र काहीतरी सांगत होता, मला त्याचे फक्त ओठ हललेले दिसत होते. तेव्हा पहिल्यांदा मनात आले की एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर, शब्दाला बंदी झाली आणि गोंगाटाला परवानगी मिळाली! हा योगायोग समजावा की आपल्या सगळ्या सार्वजनिक जीवनाचा हाच नियम होऊन बसला आहे?

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील, आण्णा, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. शाळा त्यांची चौथीत सुटली. लग्नसराईत बँड, एरवी मिळेल ती मजुरी. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिला. ते क्लॅरोनेट कोटाच्या बाहीने पुसून पेटीत ठेवतात तसे मी अजून एकही पुस्तक कपाटात ठेवलेले नाही. पूर्वी एका हंगामात त्यांच्या पथकाला इतक्या सुपाऱ्या येत की दोन वरातींतली एक सोडावी लागे. आता बँड असतो तो देवाला जाऊन येईपर्यंत, मानापुरता. खरी वरात डॉल्बीचीच. मी एकदा विचारले, "आण्णा, लोकांना तुमचा बँड का नको झाला?" ते म्हणाले, "आरं, पूर्वी लोक फर्माईश करायचे. ह्ये गाणं वाजवा, त्ये वाजवा. म्हंजे ऐकत व्हते. आता कोण ऐकतंय? छातीत धडधडलं की झालं."

आण्णांच्या पोटावर पाय आला म्हणून मुलगा डॉल्बीवर घसरला, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण गेल्या गणेशोत्सवात, विसर्जनाच्या रात्री, जे घडले ते पोटापुरते नव्हते. आमच्या गल्लीतून मिरवणूक चालली होती. घरावरचा पत्रा थरथरत होता, मांडणीवरचे तांबे आपोआप सरकत होते. आज्जीला छातीचा त्रास आहे. ती दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीला टेकली आणि तिच्या कपाळावर घाम आला. मी मोबाईलवर आवाज मोजला. आकडा नव्वदीच्या खाली उतरेना. मोबाईलचे मोजमाप काही न्यायालयात टिकणार नाही, पण आज्जीचा चेहरा बघायला यंत्र कशाला हवे? मी ११२ ला फोन लावला. पलीकडून शांतपणे विचारले गेले, "आपलं नाव?"

मी फोन ठेवून दिला.

कारण मंडळाचा अध्यक्ष गल्लीतलाच. आण्णांच्या पथकाला उरल्यासुरल्या सुपाऱ्या मिळतात त्या त्याच माणसांकडून. आज्जी तासाभराने सावरली. मी मात्र अजून सावरलो नाही. राज्यशास्त्राच्या पेपरात नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर मला चांगले गुण पडले होते, आणि स्वतःचे नाव सांगायची वेळ आली तेव्हा माझी वाचा बसली!

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून हा कायदा वाचून काढला. वाटले होते, कायदाच नसेल, म्हणून हे चालत असेल. पण कायदा आहे, आणि चांगला स्पष्ट आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. लेखी परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तो उघड्यावर लावताच येत नाही. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज कोणत्याही परिस्थितीत ७५ च्या वर जाता कामा नये. आणि डेसिबलचा हिशेब किराणा दुकानाच्या हिशेबासारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. म्हणजे ५५ च्या जागी ९५ झाले तर ते दुप्पट नव्हे, दहा हजारपट!

या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी सविस्तर निकाल दिला. त्या खटल्याचे निमित्त वाचून माझ्या हातातले पान उलटले गेले नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. पण शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी चालू होती आणि तिचा आक्रोश कुणालाच ऐकू आला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. न्यायालयाने सांगितले की राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात शांततेने जगण्याचा हक्कही येतो. आणि एकोणिसाव्या कलमाने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले असले तरी दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकायला लावण्याचे स्वातंत्र्य दिलेले नाही. "जरा गाणी लावली तर काय बिघडते?" असे विचारणाऱ्याला मी आता त्या मुलीची गोष्ट सांगतो.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने म्हटले की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. कोणत्याही धर्माचा, हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढच्याच वर्षी काय व्हावे? ऑगस्ट २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याच न्यायमूर्तींवर पक्षपाताचा आरोप केला. वकीलवर्गात संताप उसळला आणि सरकारला तो आरोप मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात केंद्राने नियमांत दुरुस्ती केली. पूर्वी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र मानला जाई. आता राज्य सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय तो शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणजे रुग्ण आहे, खाट आहे, सलाइन आहे. शांतता मात्र राजपत्रात छापून आल्यावर!

आता शब्दाकडे वळू. माझ्या भारुडाची दोन कडवी गळाली त्याला दोन महिने झाले नसतील, तोच मार्च २०२५ मध्ये मुंबईत एक प्रकरण घडले. कुणाल कामरा या विनोदी कलाकाराने एका जुन्या हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर, त्यांचे नाव न घेता, विडंबनगीत म्हटले. चित्रफीत लोकांसमोर येताच कार्यकर्त्यांनी त्या सभागृहाची मोडतोड केली. कलाकारावर गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्याच दिवशी महापालिकेची माणसे हातोडे घेऊन त्या जागेतले बेकायदा बांधकाम शोधायला हजर! मोडतोड करणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पुढे उच्च न्यायालयाने कलाकाराला अटकेपासून संरक्षण दिले. त्याचे ते गीत सर्वांना आवडावे असे मी म्हणत नाही. पण बंद सभागृहात, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे म्हटलेले ते गीत ऐकण्याची सक्ती कुणावर होती? आणि आमच्या गल्लीतल्या आज्जीवर होती, तिच्यासाठी हातोडा सोडा, एक शिपाईदेखील आला नाही.

एकाच पक्षाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. एप्रिल २०२२ मध्ये सरकार दुसऱ्या बाजूचे होते. तेव्हा खासदार असलेल्या नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या 'मातोश्री' या निवासस्थानासमोर हनुमान चालिसा म्हणणार असे जाहीर केले. दुसऱ्याच्या दारात जाऊन हट्टाने स्तोत्र म्हणणे मला पटत नाही. पण त्यासाठी राजद्रोहाचे कलम? इंग्रजांनी लोकमान्य टिळकांवर लावलेले कलम! सत्तेच्या खुर्चीवर माणसे बदलतात. खुर्चीचे कान मात्र तेच राहतात. शब्द टोचला की ते लगेच टवकारतात, आणि गोंगाट कितीही वाढला तरी त्यांना ऐकू येत नाही.

हे आजचेच नाही. १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. त्यातले मेले गाण्यांतून राजकारण बोलू लागले आणि इंग्रज सरकारने त्यांच्यावर निर्बंध आणले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली त्यावर बंदी आली. महाभारतातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता! त्या वेळी कुठे होता डॉल्बी? नुसत्या माणसाच्या गळ्याला साम्राज्य घाबरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी डफ-तुणतुण्यावर महाराष्ट्र जागा केला. त्यांचा आवाज मोठा होता यात शंका नाही, पण लोक त्यातला शब्द घरी घेऊन जात. आमच्या गावातले म्हातारे अजून त्यांची कवने म्हणतात. डॉल्बीवरून कुणी कधी काही घरी नेले आहे काय? कानांतल्या घंटीखेरीज?

आणि दूरदर्शन संचाबद्दल न बोलून कसे चालेल? २०२२ च्या त्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. मशिदींवरचे भोंगे हा विषय तेव्हा महिनाभर सगळ्या वृत्तवाहिन्यांवर गाजत होता. पडद्यावर सहा खिडक्या, सहा तोंडे, आणि सर्वांत मोठ्याने ओरडणारा म्हणजे प्रश्न विचारणारा! भोंगा कुणाचा, यावर सगळे भांडत. भोंगा किती डेसिबलचा आणि किती वाजता, हे विचारलेले मी त्या महिन्यात एकदाही ऐकले नाही. ज्या नियमात 'कुणाचा' हा शब्दच नाही, त्या नियमावरची चर्चा फक्त 'कुणाचा' या शब्दावर! आज्जी म्हणाली, "बंद कर रं त्ये, भांडणं घरात कशापायी आणायची?" तिला राजकारण कळत नाही असे मी तेव्हा समजत होतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सरकारची नव्हे, जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. तो निकाल लिहिणारे न्या. पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचेच. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवरची सरकारची मक्तेदारी मोडणारा हा विचार होता. लहरी जनतेच्या झाल्या, वाहिन्या पन्नास झाल्या. पण जनतेचा आवाज तिथे किती? गाण्याच्या स्पर्धेत खेड्यातली मुलगी येते, तेव्हा तिच्या गाण्यापेक्षा तिच्या घरचे दारिद्र्य जास्त वेळ दाखवतात. चर्चेत शेतकरी आलाच तर त्याला वाक्य पुरे करू देत नाहीत. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते खोटे नाही.

माझ्या मित्रांनी या विचारांवर आक्षेप घेतले, तेही मांडले पाहिजेत. एक म्हणाला, "शहरातल्या बंगल्यातल्या लोकांना शांतता हवी. आपल्या पोरांना वर्षातून एक दिवस नाचायला मिळते, तेही काढून घ्यायचे?" हा मुद्दा मला टोचला, कारण तो खरा आहे. ज्याचे वर्षभर कुणी ऐकत नाही त्याला एका रात्रीपुरता आपला आवाज आभाळाएवढा झालासा वाटतो. नाचताना मलाही तसेच वाटले होते. पण जाड भिंती बंगल्याला असतात. थरथरतो तो आमचा पत्रा. दुसरा म्हणाला, "डॉल्बीवाल्याने कर्ज काढले आहे, त्याच्या पोटाचे काय?" आण्णांच्या मुलाला पोटाचा मुद्दा शिकवायला नको. त्याचा धंदा बंद करा असे मी म्हणतच नाही. दहानंतर बंद करा आणि ७५ च्या आत ठेवा, एवढेच कायदा म्हणतो. तिसरा म्हणाला, "आपलाच सण दिसतो का?" त्याला मी २०१६ चा निकाल दाखवला. 'कोणत्याही धर्माचा' हे शब्द त्याने दोनदा वाचले आणि मग म्हणाला, "मग सगळ्यांना सारखे लावा." बरोबर आहे. सगळ्यांना सारखे लावा. बळी तो कान पिळी हा काही कायदा नव्हे.

मघाशी न्या. अभय ओक यांचे नाव आले. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या चित्रफितीवरून गुजरातमध्ये गुन्हा नोंदवला गेला होता. न्या. ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी २८ मार्च २०२५ रोजी तो रद्द केला. बहुसंख्यांना एखाद्याचे विचार आवडले नाहीत तरी ते मांडण्याच्या त्याच्या हक्काचे रक्षण झाले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. ध्वनिक्षेपकाला आवर घालणारा आणि कवितेला अभय देणारा न्यायाधीश एकच! माझ्या एका मित्राला यात विसंगती वाटली. मला वाटते, यातच सगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. शब्दाला उत्तर देता येते. तो पटला नाही तर उठून जाता येते. गोंगाटाला उत्तर नसते आणि त्यातून उठून जायला जागाही नसते. म्हणून शब्द मोकळा हवा आणि गोंगाट बांधलेला. आपण नेमके उलट करून बसलो आहोत. शब्द बांधला आणि गोंगाट मोकाट सोडला!

सरकारला, पोलिसांना, वाहिन्यांना शिकवण्याइतका मी मोठा नाही. जो स्वतः पुढच्या रांगेत नाचला आणि नाव विचारताच ज्याने फोन ठेवला, त्याने दुसऱ्याला उपदेश करू नये हे मला कळते. म्हणून सुरुवात घरातून करावी म्हटले. यंदाच्या स्नेहसंमेलन समितीकडे मी एक अर्ज दिला आहे. त्यात दोनच विनंत्या आहेत. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद व्हावा आणि तोपर्यंतही मर्यादेत राहावा. आणि विविध गुणदर्शनात विद्यार्थ्यांनी लिहिलेले पाहुणे कोण आहेत ते बघून कापले जाऊ नये. त्यात कुणाची बदनामी असेल तर जरूर कापावे, पण खरे असेल तर राहू द्यावे. अर्ज मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. मित्रांपैकी काहीजण आतापासूनच मला 'शांतता क्षेत्र' म्हणू लागले आहेत!

ती दोन कडवी अजून माझ्या वहीत आहेत. परवा घरी गेलो तेव्हा आण्णांना म्हणून दाखवली. ते हसले, पेटी उघडून क्लॅरोनेट काढले आणि चाल धरली. दाराशी चार-पाच माणसे जमली. शेवटचे कडवे त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितले.

अर्जाखाली मी माझे पूर्ण नाव लिहिले आहे.